संदर्भ द्यावा

नऊला तास सुरू होतो.
सदलग्याच्या अलीकडं, आमच्या गावात,
रेंज फक्त पाण्याच्या टाकीच्या सातव्या पायरीवर,
म्हणून मी सातव्या पायरीवर पदव्युत्तर आहे.
खाली अंधारात दूधगंगा,
वर मोबाइलमध्ये दिल्लीच्या मॅडम,
त्यांच्या मागं काचेचं कपाट, एकही पुस्तक भिजलेलं नाही.

आज शब्द आहे व्हल्नरेबिलिटी.
मी लिहिते, डास मारते, परत लिहिते.
मराठीत काय म्हणायचं? असुरक्षितता? हळवेपण?
आमच्याकडं म्हणतात, तिचं कोण न्हाई.

पहिल्या सत्रात अडले होते ते प्रवाहाशी.
आमचा प्रवाह नुसता वाहतो,
चिक्कोडीहून येणाऱ्या कन्नड कागदावर प्रवाह म्हणजे महापूर.
एकच शब्द, एकाच पंचायतीत,
एका टेबलावर वाहतो, दुसऱ्यावर बुडवतो.
दोन्ही टेबलांवर मीच बसते. डेटा एंट्री.

एकोणीस सालच्या ऑगस्टात याद्या मीच केल्या.
एक कन्नडमध्ये, तालुक्यासाठी.
एक मराठीत, होडीसाठी, कारण रुद्राप्पा अंबी
बोलतो कन्नड, पण शाळा मराठी, चौथीपर्यंत.
एकीत तिप्पव्वा कामते.
एकीत तिपूबाई कामते.
मला वाटलं एकच बाई, दोन लिप्या.
एक नाव खोडलं.

त्या जावा होत्या.
एक शाळेतल्या गंजी केंद्रात, ताट घेऊन रांगेत.
दुसरी घरी, तंबाखूच्या माळ्यावर.
उजाडेपर्यंत तिला कुणी हाक मारली नाही,
कारण यादीप्रमाणं ती जेवत होती.

रुद्राप्पानं होडी माळ्याला लावली तेव्हा ती म्हणाली,
एम्मी बिट्ट ना बरंगिल्ल.
म्हैस सोडून यायची नाही.
दावं तिच्या मुठीत होतं.
दाव्याच्या दुसऱ्या टोकाला काय होतं
ते त्यानं सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.

हे सगळं मी दुसऱ्या असाइनमेंटमध्ये लिहिलं.
दोन हजार शब्द, इंग्रजीत.
जावेला शब्द सापडेना, को-सिस्टर लिहिलं,
वाचताना त्या दोघी नर्स वाटायला लागल्या.
दहात सहा मार्क पडले. खाली शेरा:
निरीक्षण चांगलं. संदर्भ द्यावा.

दिला.
कामते, तिप्पव्वा. तोंडी, उंबऱ्यावर बसून.
प्रकाशनाचं वर्ष: म्हैस गेली ते.

त्यानंतर माझ्या यादीत एक जादा रकाना आहे.
नाव, वय, घर नंबर, औषधं,
आणि शेवटी: काय सोडून येणार नाही.
साहेब म्हणाले, नमुन्यात बसत नाही.
मग मी तो पेन्सिलीनं आखते.
बाबालाल मुजावर, शिलाई मशीन.
जिन्नाप्पा, नवऱ्याबायकोचा लग्नातला फोटो, काचेसकट.
रत्नव्वा, काही नाही, असं दोनदा म्हणाली,
मग म्हणाली, कोयता.
माझ्या नावापुढचा चौकोन मी पुढच्या वेळी भरीन म्हणते.

नऊ चाळीसला मेसेज आला:
वरच्या धरणातून विसर्ग वाढवला.
मॅडम पहिल्या बहात्तर तासांवर होत्या,
स्लाइडवर बाण, बाणापुढं गोल.
मी फोन पायरीवर ठेवला आणि पिशवीतनं यादी काढली.
माइक उघडाच राहिला, हे नंतर कळलं.

रेकॉर्डिंग आहे. एकवीस मिनिटांचं.
देशभरातली अडतीस माणसं गप्प बसून ऐकतायत
पत्र्यावरचा पाऊस, बॅटरीच्या खटक्याचा आवाज,
कुणाची तरी कन्नड शिवी, तिला मराठीत उत्तर.
मॅडम एकदाच बोलतात,
कुणीही हिला म्यूट करू नका.

मग खालून रुद्राप्पा ओरडतो,
अक्का, कामत्यांच्यात एष्ट मंदी?
आणि माझा आवाज, मलाच ओळखू न येणारा:
दोघी.
दोघी रे, दोघी!
आणि एक शेळी. शेळीबी घे.