वृत्त लिहीपर्यंत

सहा वर्षं मी हे वाक्य लिहीत आले:
‘वृत्त लिहीपर्यंत त्यांच्याशी संपर्क होऊ शकला नाही.’
ते लिहायचं तर आधी तीनदा फोन करायचा.
सकाळी, दुपारी,
आणि अंक छपाईला जायच्या पाऊण तास आधी.
ज्याच्यावर आरोप आहे त्यालाही विचारायचं,
शिव्या देऊन फोन आपटणाऱ्यालाही.
इर्मा टुओमिनेनची शिकवण,
दुलुथच्या आमच्या पेपरात, तो बंद पडायच्या आधीची.

ऑक्टोबरपासून एकतीस अर्ज.
फार्गो, ग्रीन बे,
अलास्कातलं एक बेट, जिथे वारा असला की विमान उतरत नाही.
पोच मात्र लगेच येते, रात्री दोनलासुद्धा:
‘आपला अर्ज मिळाला.
कृपया या पत्त्यावर उत्तर पाठवू नये.’
त्यानंतर सगळे मूग गिळून.

ग्वेन नावाची एक संपादक
व्हिडिओ कॉलवर सूप पीत बोलली.
‘तुझी पार्किंग मीटरची बातमी
मी नवऱ्याला वाचून दाखवली.’
पार्किंग मीटरची! नवऱ्याला!
मी त्या रात्री माशाचं कालवण केलं, दोघांपुरतं,
आणि एकटीनेच खाल्लं.
‘सोमवारपर्यंत एक चाचणी लिहून दे,’ ती म्हणाली होती,
‘आठवडाभरात कळवतो.’

चाचणीत खोटी माणसं चालली असती.
मला जमलं नाही.
बर्फातून बत्तीस मैल गाडी हाकत
शाळेच्या बसचालकांना भेटून आले.
त्यातला वेंडेल अजून भेटतो, किराण्याच्या रांगेत,
‘कधी छापून येतंय?’
दर वेळी थांबून
मी त्याला खरं ते सांगते.
तो म्हणतो, ‘ठीक आहे,’ आणि अंडी तपासतो.

आमच्या इथे जहाज आत शिरताना भोंगा देतं
आणि पूल तसाच भोंगा परत देतो.
लोखंडाची माती वाहणारं जुनाट जहाज असलं तरी.
जानेवारीत तळं गोठतं, जहाजं थांबतात,
तेव्हा पूल गप्प असतो, पण त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

फेब्रुवारीत मी दोनदा लिहिलं. नम्रपणे.
‘फक्त चौकशी करत होते’ असं लिहिताना
हात आखडतो. चौकशी करणं हा माझा धंदा,
आणि त्यात मी ‘फक्त’ घालून माफी मागतेय.

चौदा मार्चला उत्तर आलं.
‘प्रिय लेलँड,
या खेपेला आम्ही अन्य उमेदवाराची निवड केली आहे.
आपल्या चाचणीतील, आइस हॉकीचे बारकावे आम्हाला भावले.’

आइस हॉकीतलं मला ओ की ठो कळत नाही.

लेलँड कोण, हे शोधायला चाळीस मिनिटं लागली.
लेलँड प्रूडोम, पुलापलीकडे सुपीरियरला राहतो,
क्रीडा पानं करायचा, पानं संपेपर्यंत.
सकाळी फोन केला. उचलला नाही.
दुपारी केला.
पावणेसहाला उचलला.
‘तुमचा नकार माझ्याकडे आलाय,’ म्हटलं.

बराच वेळ नुसतं एक कुत्रं भुंकत होतं.
मग म्हणाला, ‘वाचा.’
मी वाचलं. सहीसकट, पदासकट.
‘चाचणीतील नंतर स्वल्पविराम दिलाय का त्यांनी?’
‘दिलाय.’
‘नको होता तो.’
‘नको होता.’
मग आम्ही दोघंही हसलो, तो जरा जास्तच वेळ.
‘बरं झालं कळलं,’ म्हणाला,
‘उद्या गोदामातल्या कामाला हो म्हणतो.
आणि तुमचं पत्र?’

माझं कुणाकडे गेलं, काय माहीत.
तेव्हापासून अनोळखी नंबर दिसला
की पहिल्याच घंटीला उचलते.
बहुतेक वेळा गाडीचा विमा विकणारे असतात.
त्यांचंही पूर्ण ऐकून घेते, आणि ‘नको’ म्हणते,
स्पष्ट, त्यांचं नाव घेऊन.