घट

आप्पा गिरणीत स्टोअरकीपर होते,
म्हणून आमच्या घरी साखरेलासुद्धा कार्ड होतं.
परदेशीपुऱ्यात दोन खोल्या, वर पोटमाळा,
पोटमाळ्यावर अकरा पीपे, चार कट्टे,
आणि प्रत्येकाच्या गळ्यात सुतळीने बांधलेला पुठ्ठा:
आवक, जावक, शिल्लक, घट.

वैशाखात सियागंजातून हातगाडीवर गहू यायचा.
आई तो गच्चीवर पसरायची, चाळायची, निवडायची,
मग एरंडेलाचा हात फिरवायची दाण्यांवरून
तान्ह्याची टाळू भरावी तसा.
थरात कडुनिंब, मध्ये दोन-चार बिब्बे.
खालून बाजेवरून आप्पा ओरडायचे,
"कट्टा क्रमांक दोन! वजन बोला!"

जुनं आधी, हा नियम.
नवी तूरडाळ कितीही पिवळीधमक असो,
जुनीला भुंगा लागला तरी पहिला नंबर तिचाच.
आम्ही अख्खं लहानपण मागच्या वर्षीचं जेवलो.
साबणाची वडी हवी, तर झिजलेली चिपटी दाखवा.
काडेपेटी हवी, तर रिकामी जमा करा.
वाटीभर रव्यासाठी आईला सही करावी लागे.
तिची सही म्हणजे नुसता एक 'व',
त्याचं शेपूट रागाने लांबवर ओढलेलं.

मग एका डिसेंबरात भोंगा वाजला नाही.
दुसऱ्या दिवशीही नाही.
गल्ली तरी आठवडाभर पहाटे उठत राहिली,
दात घासून ओट्यावर बसत राहिली.
आप्पांनी कंदील घेऊन सगळे पीपे ठोकून पाहिले.
"आठ महिने," म्हणाले. "हात आखडला तर दहा."
मागच्या दारी साचेखात्यातला गेंदालाल राहायचा,
पाच पोरं, पोटमाळा नाही.
त्यांच्याकडे साठा म्हणजे
उद्या सकाळच्या चहाची पत्ती.

आप्पा गेल्यावर भावाने पीपे भंगारात दिले.
कार्डं मी मागून घेतली.
विजयनगरात माझ्याकडे दहा मिनिटांत पोरगा पिशवी घेऊन येतो,
कार्डांचा उपयोग काही नाही.
वाचत बसते झालं.

जानेवारी. गहू: घट पाच किलो. कारण, उंदीर.
फेब्रुवारी. गहू सहा, तूरडाळ दीड. उंदीर.
मार्च. गोडेतेल, अर्धा किलो. उंदीर.
काडेपेट्या दोन. उंदीर.
चौरेघी वह्या तीन. उंदीर.

आमच्याकडे उंदीर नव्हते.
भुरी मांजर होती,
तिच्या दुधाचंही वेगळं कार्ड होतं.

आणि या ओळींसमोर 'व' कुठेच नाही.
सगळीकडे आप्पांची पूर्ण सही, तारखेसकट.

दुपारी दोन ते साडेतीन ते झोपायचे,
तोंडावर पेपर घेऊन.
तेव्हा आई शिडी लावायची.
तिसरी पायरी करकरायची, आई थांबायची,
मीही थांबायचे, तोंडात पेन्सिल धरून.
मग पीपाचं झाकण, हळूच. मागच्या दाराची कडी.
कलाबाईच्या बांगड्या एकदाच वाजायच्या,
ती दुसऱ्या हाताने त्या दाबून धरायची.

एरवी पेपर आप्पांच्या श्वासासोबत वरखाली व्हायचा.
त्या चार-पाच मिनिटांत
तो अजिबात हलायचा नाही.

त्या वैशाखात हातगाडी आली नाही.
आठ महिन्यांचे सहाच भरले.
घरात कुणी कुणाला हिशोब विचारला नाही,
सांजेला नुसती भाताची पेज आली, आम्ही प्यालो.

जूनच्या कार्डांत एक वेगळं आहे,
धान्याचं नाही, लोखंडाचं.
बारीक अक्षर, निळी शाई:
'शिडी, पायरी तिसरी. आवाज करते. दुरुस्त केली.
खिळे: जावक दोन.
शिल्लक एकेचाळीस.
घट, नाही.'