दंडाचं माप

झिंदेरहून येणारी गाडी जिथे वाळूत रुतते
तिथून पुढे अर्ध्या दिवसाची चाल, मग तिचं गाव.
त्साहरा पोचली तेव्हा ऊन माथ्यावर होतं,
पाठीला बांधलेला लवाली रडतही नव्हता.
इथल्या बाया डोक्यावर काही घेतल्याशिवाय घर सोडत नाहीत.
तिचं डोकं मोकळं.
"परात होती," ती म्हणाली. "वाटेत बाजार लागला."

मागच्या वर्षी मी मारादीहून नवी नवी आलेली.
भिंतीवरच्या चित्रांना काठी टेकवत सांगायचे,
हे अंडं. हे दूध. ही चवळी. हात असे धुवायचे.
बाया माना डोलवत. ही डोलवत नसे.
शेवटी म्हणाली, बाई, हे मला पाठ आहे.
शेवग्याचा पाला शेंगदाण्याच्या पेंडीत कसा कालवायचा
ते उलट मीच तुला सांगेन.
पण कणगीवर हात सासूचा.
माप सकाळी एकदा पडतं, नऊ तोंडांना.
आणि तो अगादेझकडे, खाणीत.
फोन लागला तर नवरा, नाही तर नुसता नंबर.

मी नोंदवहीत लिहिलं: आई निरक्षर.

त्याच दिवशी तिला पट्टी दिली.
हिरवा, पिवळा, लाल.
खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये.
पैसे बांधावेत तशी कमरेच्या गाठीत बांधून नेली
आणि म्हणे गावभर दंड मोजत सुटली:
सवतीची पोर, लोहाराची जुळी,
एकदा हसत हसत शेळीचं करडूसुद्धा.

यंदा बाजरी पोटरीत असतानाच
वाटी कणगीचा तळ खरवडायला लागली.
परवा रात्री टॉर्चच्या उजेडात लवालीचा दंड पिवळा.
दंड पिवळा की उजेड पिवळा?
ती जागी राहिली. फटफटल्यावर पुन्हा मोजलं.
पिवळाच, लालाला टेकलेला.
मग तो वेढा तिने तसाच चिमटीत धरला
आणि झोपलेल्या सासूच्या तीन बोटांत घातला.
म्हातारी उठून बोटांकडे बघत राहिली.
म्हणाली, ऊन चढायच्या आत नीघ.
लग्नातल्या बारा पराती, फुलाफुलांच्या, एकावर एक रचलेल्या;
वरची तिनेच खाली काढून दिली.

लवाली शेंगदाण्याच्या लगद्याचं पाकीट चोखतोय.
संपल्यावर दुसरं मिळेना म्हणून भोकाड पसरलं.
बरं वाटलं.

माझी मुलगी हिरव्यात असते.
दुधाच्या पावडरचा डबा, दारात नळ, महिन्याचा पगार,
फोनवर रोज माझ्यावर रागावणारी माझी आई.
त्यातलं मला येतं म्हणून किती
आणि मला मिळालंय म्हणून किती,
त्याची पट्टी माझ्याकडे नाही.

जाताना त्साहरा आणखी एक मागते.
डेलूला, सवतीला, शिकवायचंय.
"अकरा उरल्यात," पाठीवरची गाठ आवळत म्हणते.
पराती, असं मी धरून चालते.