रकाना सातवा

मुलुंड पूर्वेला, नव्वद फुटी रस्त्याच्या आत-बाहेर,
सहा दिवसांत मी त्यांना अकरा घरं दाखवली.
माणशी दोन बॅगा, एक प्रेशर कुकर,
आणि नऊ वर्षांची अनाइस,
जी घरात शिरली की आधी खिडकीशी जाऊन विचारायची,
समुद्र कुठल्या बाजूला?
मी म्हणायचे, बाळा, इकडे मिठागरं.
तेही समुद्राचंच घर, पण भाड्याचं.

फॅमिली आहे, मी फोनवर सांगायचे,
नवरा ऐरोलीत, कंप्युटरच्या कसल्याशा गोदामात,
बायको फ्रेंच शिकवते,
पगाराची स्लिप आहे,
आणि मुख्य म्हणजे, आपलीच माणसं.
हे 'आपलीच' मी या धंद्यात
किती जणांना किती जणांबद्दल सांगितलंय,
त्याचा हिशेब वर गेल्यावर द्यावा लागणार.

पण नावापाशी गाडी अडायची.
"जीवन सखाराम."
"हे वडिलांचं झालं. आडनाव?"
"सखाराम."
"अहो, आडनाव!"
मग उर्मिला सांगायची, पाठ केल्यासारखं:
पणजोबा याच मुंबईतून बोटीत चढले.
मॉरिशसला उतरल्यावर साहेबाने नाव विचारलं,
त्यांनी सांगितलं तेवढं लिहिलं गेलं.
पुढचं विचारायचं राहून गेलं.
सेक्रेटरी मान हलवत राहायचा,
आडनावाशिवाय माणूस
नेमका कुठल्या मजल्यावर ठेवायचा
याचा अंदाज घेत.

एकाने सहा महिन्यांचं डिपॉझिट मागितलं, परदेशी म्हणून.
एकाने तेच मागितलं, डॉलरमध्ये.
एक बाई म्हणाल्या, मच्छी चालणार नाही.
जीवन हसून म्हणाला, "आम्ही बेटावरचे हो."
तिथली लिफ्ट बंद होती.
सात मजले उतरलो, कोणी काही बोललं नाही.

अकरावं घर टिपणीस बाईंचं, तिसरा मजला,
रंग उडालेला, नळाला फडकं बांधलेलं.
उर्मिलाने आतलं दार ढकललं आणि विचारलं,
"ह्या न्हाणीला वारा कुठून येतो?"
टिपणीस बाईंनी चष्मा काढला.
"काय म्हणालीस?"
"न्हाणी. का, चुकलं?"
"नाही गं."
पदराने पुसून चष्मा परत घातला,
तरी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत.
त्या एका शब्दावर भाडं दोन हजारांनी उतरलं.
वीस वर्षांत एवढी घासाघीस मला जमलेली नाही.

अर्ज माझ्या स्कूटरच्या सीटवर भरला.
रकाना सातवा: मूळ गाव.
पेन तिथे थांबलं.
"आमच्याकडे पूजेला बसलं की गुरुजी गाव विचारायचे.
आम्ही म्हणायचो, पलीकडचं.
आता इथे येऊन काय लिहू?"
जीवन म्हणाला, बाम्बू लिही, आपण तिथलेच.
अनाइस म्हणाली, मुलुंड.
मी म्हणाले, ताई, पोलीस स्टेशनात पलीकडचं चालत नाही,
पिनकोड लागतो.
मी घरत. माझं मूळ गाव इथून चालत वीस मिनिटं,
जिथे आता गाड्यांची शोरूम आहे.
मीही तिथे आत जाते तेव्हा
दारावरचा पोरगा विचारतो, कुठली गाडी बघायचीय?
शेवटी तिने काय लिहिलं, मी पाहिलं नाही.
दलाली मोजत होते.

काल गॅसचे कागद द्यायला गेले.
गेटवर जीवन भेटला,
हातात नवी बादली, बादलीत झाडू, नारळ आणि बल्ब.
वॉचमन नवा होता, त्याने रजिस्टर उघडलं.
"नाव?"
"सखाराम."
"पुढे?"
"पुढे काही नाही."
सोनावणेने त्याच्याकडे एकदा पाहिलं,
मग फोन उचलून तिसऱ्या मजल्याला लावला.
"मॅडम, खाली सखाराम आलेत.
वर सोडू का?"