तर्री जास्त

साडेतीनला उठतो मी. चण्याच्या कुकरची पहिली शिट्टी
इंदोऱ्याच्या आमच्या गल्लीत कोंबड्याच्या आधी होते.
तेव्हा श्रावस्तीची रात्र संपलेली नसते.
कूलरच्या झोतात, चादरीच्या आत
निळसर काहीतरी जळत असतं.
धूर नाही, वास नाही, म्हणून कोणी विझवत नाही.

"काहून जागी आहेस वं?"
"झोपलीच होती बाबा."
डोळे असे, जसे रात्रभर कांदे चिरले.

मार्चात एक पोरगा आला होता,
टोपी उलटी, फोन काठीवर.
म्हणाला, काका असेच राहा, घाम पुसू नका.
मी पुसला नाही.
दोन प्लेटा खाल्ल्या त्यानं, पैसे देऊन राहिला होता,
मी घेतले नाहीत.
मग म्हणे, एकोणीस लाख लोकांनी मला पाहिलं.
एकोणीस लाख!
चार दिवस पोहे आठच्या आत संपले.
बायकोनं इतवारीतून नवीन पातेलं आणलं.

पाचव्या दिवशी पोरीनं हातमोजे आणले,
पातळ, आरपार दिसणारे, शंभराचं पाकीट.
"हे घालत जा."
आणि बनियनवर शर्ट. आणि कपाळाला रुमाल.
आणि ठेल्यावर यायचं तिनं सोडलं.
मी समजलो, मोठी झाली, बापाची लाज वाटून राहिली.
वाटू दे, म्हटलं.
पण भिजवलेले पोहे विसरले की त्यांचा गोळा होतो,
तसं झालं आत काहीतरी.

मेच्या एका रात्री लाईन गेली. कूलर थांबला
आणि घरात सगळ्यांचा श्वास ऐकू येऊ लागला.
ती पायरीवर जाऊन बसली, मी शेजारी.
तिनं फोन झाकला नाही. थकली असेल.
मला वाचायला वेळ लागतो, तरी तीन ओळी वाचल्या.
एक माझ्या नखांची होती.
एकात, यांना मीठ वेगळं टाकावं लागत नाही म्हणे.
तिसरी आमच्या वस्तीची. ती इथे सांगत नाही.
आणि खाली प्रत्येकीला उत्तर:
ते दर अर्ध्या तासानं हात धुतात.
तुम्ही उभे राहा भट्टीपुढे.
नखात हळद आहे ती, मळ नाही.
नाव भलतंच, फोटो कुठल्याशा मांजरीचा.
पण हळदीचं घरच्याशिवाय कोणाला ठाऊक?

"किती आहेत अशा?"
"चौदाशे होत्या. परत वाढून राहिल्या."
"साऱ्यांना उत्तर देशील?"
खूप वेळ गेला.
"डोळे मिटले की पुढची दिसते, बाबा."

मिठाच्या ओळीवर मला हसू आलं होतं, खरं सांगतो.
गिऱ्हाईक याहून वाईट बोलतं तोंडावर.
पण ते बोलतं, प्लेट ठेवतं, जातं.
ही माणसं जात नाहीत.
ही तिच्या उशीत राहायला आलीत.

मेयोत नंबर लावला. बाईंनी चिठ्ठीवर तारीख टाकली,
विचारलं, झोप कधीपासून नाही?
ती म्हणाली, एकोणीस लाखांपासून.
बाईंनी पेन खाली ठेवला.
मी भिंतीकडे पाहिलं. तिथं डोळे तपासायची अक्षरं होती,
वरची मोठी, खालची बारीक बारीक होत गेलेली.

आता ती पावणेसहाला येते ठेल्यावर, रोज नाही,
आली तर कोथिंबीर चिरते.
फोन शेवेच्या डब्यावर पालथा.
तो थरथरला की डब्याचं झाकण वाजतं
आणि तिची सुरी थांबते.
उचलत नाही. फक्त थांबते.
मी मोजतो. मोज्यात घाम साचतो, तरी बोटांवर मोजतो.
सोमवारी एकवीस.
काल तेरा.
आज सात झाले होते, की आठ,
तेवढ्यात पहिलं गिऱ्हाईक आलं, म्हणालं,
काका, तर्री जास्त,
आणि माझा हिशेब चुकला.