बादली

सकाळी साडेपाचला जिमचं दार उघडलं
तेव्हा बादली आपल्या जागी होती,
फ्री-थ्रोच्या रेषेच्या जरा डावीकडे.
तिसरं वर्ष तिचं.
पोरं तिला वळसा घालून खेळतात,
बाहेरगावचा संघ आला की आधी सांगून ठेवतात.

बाहेर नोव्हेंबर:
बर्फ व्हावं की पाणीच राहावं
हे अजून न ठरलेलं काहीतरी पडत होतं.

मतदानाचे कप्पे मीच मांडले,
बास्केटच्या खाली चार, घड्याळाखाली तीन.
मग ओस्ट्रँडर बाई आल्या, निवडणुकीच्या,
चष्मा दोरीला, नियमांची वही छातीशी.
बादलीपाशी थांबल्या.
टप्प.
"मिस्टर गॅडबरी, ही हलवा."
गळतंय, मी म्हटलं.
"गळतंय ते दिसतंय, म्हणूनच.
शंभर फुटांच्या आत प्रचार चालत नाही."

बादलीचं तोंड उघडं होतं खरं,
पण ती कुणाला काही बोलली नव्हती.

ठेवली बॉयलरच्या खोलीत.
आणि दर दहा मिनिटांनी फरशीपुसणं घेऊन
मी तो प्रचार पुसत राहिलो.

प्रश्न क्रमांक चार.
शाळेसाठी जादा घरपट्टी,
लाखाच्या घरामागे महिन्याला अकरा डॉलर.
छप्पर, दुसरी बस, आणि बँडच्या मास्तरांचा
उरलेला अर्धा पगार.

गिरणीची पहिली पाळी सुटली तशी रांग लागली.
टिलटसन आला, ओले बूट आपटत,
कुणाकडे न बघता गेला, कुणाकडे न बघता आला.
एकीच्या कडेवर पहिलीतलं पोर होतं,
ते जिमभर ऐकू जाईल असं म्हणालं,
"आई, बादली कुठंय?"
ओस्ट्रँडर बाईंनी वही उघडली, पानं चाळली,
मिटली.

दुपारी अर्डिथ कॉब.
सव्वीस वर्षं इथल्या मुलांना जेवायला वाढलं तिनं,
मलाही, आणि बटाटा जास्तच.
वॉकर घसरू नये म्हणून मी तिच्यापुढे पुसत चाललो.
परतताना थांबली.
"नाही म्हणून आलेय, वेंडेल.
मागून कळण्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐक.
हिवाळ्याचं तेल भरायचं की घरपट्टी,
हे गणित शाळेत नव्हतं रे."
मी म्हटलं, इकडून या, तिकडे ओलं आहे.
दुसरं काय म्हणणार?
घर तिचं. छप्पर तिचंही आहेच डोक्यावर,
आणि तेही कुठेतरी गळत असेल.

संध्याकाळी पाऊस वाढला.
थेंबाथेंबानं तळं साचतं म्हणतात,
इथे डबकं साचलं, आणि मी.
पिळ, पूस, पिळ.
गर्दी ओसरली की आपलं उरकू,
सकाळपासून हेच म्हणत होतो.

साडेसात. बाईंनी आतून कडी घातली.
"तुमचं झालं ना?"
माझ्या हातात फरशीपुसणं होतं.
तेवढ्यावरून त्यांना कळलं.
घड्याळाकडे पाहिलं त्यांनी,
मग जमिनीकडे.
नियम तो नियम.

यंत्रातून कागदाची लांब पट्टी आली,
ती त्यांनी दाराच्या काचेवर चिकटवली.
होय तीनशे त्र्याण्णव.
नाही चारशे बारा.
एकोणीस.
माझं धरलं असतं तर अठरा.
अठरानंही छप्पर गळतंच,
हे मला कळतं.
तरी कप्पे घडी करताना
तोंडात तोच आकडा येत राहिला.

बाईंनी कोट चढवला, दारात वळल्या,
म्हणाल्या, "आता ठेवायला हरकत नाही."

मी बादली आणली.
रेषेजवळची एक फळी फुगली होती,
बोटाला लागते.
मे महिन्यात पुन्हा मत घेतील, असं ऐकतो.

रिकाम्या बादलीत
पहिला थेंब फार मोठ्यानं वाजतो.
मग पाणी पाण्यात पडतं,
आणि सवय होते.