नमुन्यातून वगळलेलं पत्र

इथे शाईला मनाई आहे.
कोट बाहेर, पाण्याची बाटली बाहेर,
आत फक्त पेन्सिल, लॅपटॉप आणि धुतलेले हात.
हडसनच्या काठावर, एका पोलादवाल्याच्या बंगल्यात
त्याच्या दातृत्वाचे कागद थंड करून ठेवलेत,
बाराही महिने एकाच तापमानात.

दिल्याची दप्तरं सगळेच चाळतात.
पिकार्डबाईंना हवी होती नाकारल्याची.
"संस्था नकार देताना खरं बोलते," त्या म्हणाल्या,
आणि मी हिवाळाभर नकार मोजत बसले.

कोड एक, भौगोलिक मर्यादेबाहेर.
कोड दोन, धार्मिक प्रयोजन.
कोड तीन, व्यक्तिगत याचना.
कुणाला बँडसाठी ट्यूबा हवा होता,
कुणाला ओढ्यावर पूल,
एकाने न थांबणारं चाक शोधलं होतं, त्याला फक्त वंगण हवं होतं.
सगळ्यांना तेच सायक्लोस्टाइल उत्तर:
आपल्या विनंतीचा सहानुभूतीपूर्वक विचार करण्यात आला.
ती आमच्या कार्यकक्षेबाहेर आहे.
खाली रबराची सही.

पेटी एकसष्ट. पॅरास्का ह्रिन्को,
पेनसिल्व्हेनिया, कोळशाच्या खाणीचं गाव.
पहिलं पत्र बहुधा पाद्र्याच्या हातचं.
पुढची तिची स्वतःची,
कुंपणाच्या खुंटांसारखी ठोकून बसवलेली अक्षरं.
नवऱ्याच्या छातीचा फोटो काढायला पैसे. तीन.
चौघांत मिळून बुटांचे दोन जोड. तीन.
शिलाई मशीन, जुनं चालेल. तीन.
सातव्या पत्रापासून 'प्लीज'चं स्पेलिंग बरोबर.
नवव्यात नवऱ्याचा उल्लेख नाही.
मी तीन लिहीत गेले.

पंधरावं पत्र, मार्च एकोणीसशे अडतीस:
"या वेळी काही मागत नाही.
पेपरात वाचलं, तुमचे शेअर निम्म्यावर आले.
तुम्ही मला चौदा उत्तरं पाठवलीत.
तीन सेंटांचं तिकीट धरलं तर बेचाळीस सेंट होतात.
सोबत एक डॉलर आहे. उरलेले ठेवा,
पुढच्या कुणाला उत्तर द्यायला."

त्यालाही उत्तर गेलं होतं. तेच.
डॉलर त्याच्यात घालून, साभार परत.
आणि ते पाकीट पोस्टाने उलट आणून टाकलं,
वर पेन्सिलीने: गाव सोडून गेल्या.
तेव्हापासून ते कुणी फोडलं नव्हतं.

अभिलेखपाल डेल्फीन ऑक्रेंटने हाडाच्या सुरीने कड उचलली.
चार घड्यांची नोट, निळ्या शिक्क्याची.
आम्ही दोघी पाहत राहिलो.
"सूचीत काय लिहू?" तिने विचारलं.

फोनवर पिकार्डबाई बराच वेळ गप्प होत्या.
मग म्हणाल्या, "वगळ. ही याचना नाही."
मग देणगी धरू?
"देणगी स्वीकारली गेलेली नाही."
त्यांचं बरोबरच आहे.
रात्री बसमध्ये बर्फाकडे पाहत मी तेच घोकत होते,
त्यांचं बरोबरच आहे.

पदरमोड म्हणजे पदराची गाठ सोडून दिलेलं.
गाठीत काय उरलं ते विचारायचा रकाना
आमच्या तक्त्यात नाही.
आम्ही घेणारे मोजतो आणि देणारे मोजतो,
दोन वेगळ्या पानांवर,
आणि ती दोन्ही पानं एकमेकांना दाखवत नाही.

निबंध गेला. एकूण पत्रं नऊ हजार आठशे बारा,
तळटीप चार: एक पत्र नमुन्यातून वगळले आहे.

काल दुसऱ्या परीक्षकाचा शेरा आला:
का वगळले? कृपया स्पष्ट करावे.
संपादकाने तीन आठवडे दिलेत.

मी रिकामं पान उघडलं.
बाहेर नदीवर बर्फाच्या लाद्या एकमेकींवर चढत होत्या.
बोटांनी माझी वाट पाहिली नाही, लिहून मोकळी झाली:
आपल्या सूचनेचा सहानुभूतीपूर्वक विचार करण्यात आला.
हे पत्र आमच्या